पायाभूत वीजवापराची नोंद

जमाबंदीत मूळ आकार चुकला, की पुढील प्रत्येक हिशेब चुकतो. वीजकराराचेही तसेच आहे. सन २००६ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवड येथील भारनियमन टाळण्यासाठी कारखानदारांनी स्वतःची जनित्रे चालवून वाहिन्यांवरील भार हलका केला. परंतु तो किती हलका झाला, हे नित्याचा वापर आधी नोंदला असेल तरच कळते. साप्ताहिक सुटीमुळे उतरलेला भार जनित्राच्या खाती जमा झाल्यास हिशेब खोटा ठरतो.

चाकणकडील शेतकरी बंधूंनीही हे ध्यानी घ्यावे. मीटरविना पंपाची आकारणी अश्वशक्तीवर होते. एप्रिल २०२४ पासूनच्या योजनेत ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस वीज मोफत आहे; अशा पंपाची दफ्तरी नोंद १० अश्वशक्ती झाली, तर सवलत बुडते. सबब सात-बाऱ्याप्रमाणेच बिलावरील नोंदही मोटारीच्या पाटीशी ताडून पाहावी.