गोळीची सवय शरीराला नाही, जंतूला लागते

"पूर्वी एका गोळीत ताप उतरायचा, आता शरीराला गोळीची सवय झाली." हे वाक्य आपल्या कोणत्याही वस्तीत ऐकायला मिळते. आम्ही तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींबरोबर आरोग्याच्या प्रश्नांवर काम करतो. अँटिबायोटिकचा विषय घेताना सुरुवात याच वाक्यापासून करतो, कारण सगळा गैरसमज त्यात साठलेला आहे. सवय शरीराला लागत नाही. बदलतात ते जंतू.

हा शब्दांचा खेळ नाही. शरीराला सवय लागते असे मानले, तर हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न ठरतो. माझे शरीर, माझ्या गोळ्या, तुम्हाला काय त्याचे? पण बदललेला जंतू एका घरात बसून राहत नाही. तो हातांवरून, पाण्यातून, खोकल्यातून शेजारी जातो. आयुष्यात एकही अँटिबायोटिक न घेतलेल्या बाळालासुद्धा औषधाला न जुमानणाऱ्या जंतूचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून हा प्रश्न सार्वजनिक आहे.

त्याचा आकार किती? 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार, औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू थेट ओढवले. सिझेरियन, हाडांची शस्त्रक्रिया, कर्करोगाचे उपचार, कमी दिवसांच्या बाळाची काळजी, हे सगळे अँटिबायोटिकच्या आधारावर उभे आहे. तो आधार गेला तर साधी जखमही जिवावर बेतू शकते.

किशोरवयीनच का?

मेडिकलमधून गोळी आणायला घरातून बहुधा यांनाच पाठवले जाते. औषधाच्या पानावरचे इंग्रजी वाचता येणारे घरातले पहिले माणूसही अनेकदा हेच असतात. फेसवॉश, सॅनिटायझर, 'अँटिबॅक्टेरियल' साबण यांच्या जाहिराती यांच्याच मोबाइलवर येतात. राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात 'उपयुक्त व उपद्रवी सूक्ष्मजीव' हा धडा आहे आणि त्यात प्रतिजैविकांची ओळखही आहे. धडा पाठ होतो, गुणही मिळतात, पण घरातल्या डब्यात उरलेल्या चार गोळ्यांशी त्याचा संबंध कुणी जोडून देत नाही. तो जोडणे हेच आमचे काम.

पहिली गाठ : जिवाणू आणि विषाणू

अँटिबायोटिक जिवाणूंवर काम करते, विषाणूंवर नाही. जिवाणू ही स्वतंत्र पेशी असते. तिला स्वतःची भिंत आणि प्रथिने बनवण्याची स्वतःची यंत्रणा असते. पेनिसिलिनसारखे औषध ती भिंत नीट बांधू देत नाही. विषाणूला अशी भिंतच नसते, मग औषध तोडणार काय? सर्दी-पडसे, फ्लू, डेंगी हे विषाणूंचे आजार आहेत. घसा दुखणे आणि लहान मुलांचे जुलाब यांचेही कारण बहुतेक वेळा विषाणूच असतो. सर्दी पाचव्या-सहाव्या दिवशी आपोआप उतरू लागते आणि श्रेय तिसऱ्या दिवशी घेतलेल्या गोळीला मिळते. साध्या जुलाबात जीव वाचवतात ते ओआरएस आणि लहान मुलांसाठी झिंकच्या गोळ्या.

विरजणाचा हिशोब

जंतू किती वेगाने वाढतात हे समजवायला आम्ही दह्याचे उदाहरण घेतो. चमचाभर विरजण रात्री कोमट दुधात घातले की सकाळी पातेलेभर दही तयार. हे जिवाणूंचेच काम. सगळे जिवाणू शत्रू नसतात, हेही मुलांना इथेच कळते. आपल्या आतड्यात आणि त्वचेवर असंख्य जिवाणू राहतात आणि त्यातले बरेच आपल्या उपयोगाचे असतात.

मग फळ्यावर गणित. पोषक वातावरणात ई. कोलाय हा जिवाणू साधारण 20 मिनिटांत एकाचे दोन होतो. म्हणजे 8 तासांत 24 वेळा दुप्पट. एका जिवाणूचे झाले 1 कोटी 67 लाखांहून अधिक. इतक्या प्रती निघताना नकलेत चुका होणारच. बहुतेक चुका निरुपयोगी असतात, पण एखादी चूक त्या जिवाणूला औषधापासून वाचवते. औषध आले की बाकीचे मरतात, हा उरतो. मैदान मोकळे, स्पर्धा संपलेली. पुढची सगळी पिढी त्याचीच.

वाटीतला खेळ

एका वाटीत 20 दाणे घ्यायचे : 12 हरभरे, 6 वाटाणे, 2 राजमा. हरभरा म्हणजे औषधाने लगेच मरणारा जंतू, वाटाणा थोडा चिवट, राजमा सर्वांत चिवट. दररोजच्या औषधाने 5 दाणे उचलायचे, आधी हरभरे, मग वाटाणे, शेवटी राजमा. चार दिवस नियमाने खेळले की वाटी रिकामी होते.

आता तिसऱ्या दिवशी थांबा. "बरं वाटतंय" म्हणून गोळ्या बंद. वाटीत उरले 3 वाटाणे आणि 2 राजमा. त्यांना दोनदा दुप्पट होऊ द्या. 12 वाटाणे, 8 राजमा, पुन्हा 20 दाणे. आजार तितकाच, पण हरभरा एकही नाही. या चिवट गर्दीतून त्याच औषधाने दिवसाला दोनच दाणे उचलता येतात असा नियम लावला, तर वाटी रिकामी व्हायला दहा दिवस लागतील, आणि जंतू तोवर वाढायचे थांबणार नाहीत.

हा खेळ सोपा आहे, पण पूर्ण सत्य नाही, हेही आम्ही सांगतो. एक म्हणजे गोळी फक्त आजाराच्या जंतूपर्यंत जात नाही. ती आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंवरही पडते आणि तिथलेही चिवट तेवढे उरतात. म्हणून गरज नसताना घेतलेला 'पूर्ण कोर्स'सुद्धा नुकसानच करतो. दुसरे म्हणजे चिवटपणा फक्त पोरांनाच वारशाने मिळतो असे नाही. जिवाणूंकडे प्लाझ्मिड नावाचे जनुकांचे छोटे वेटोळे असते, त्याची प्रत ते शेजारच्या जिवाणूला देऊ शकतात, कधी कधी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही. वर्गात एकाने नोट्स काढल्या की सगळे झेरॉक्स मारतात, तसेच. हे उदाहरण दिले की मुलांना पुढे काही समजवावे लागत नाही.

कोर्स पूर्ण करायचा की नाही?

हा प्रश्न हमखास येतो. अलीकडच्या संशोधनातून दिसते की अनेक साध्या संसर्गांना पूर्वीपेक्षा कमी दिवसांचे औषध पुरते. किती दिवस, हे आजार ठरवतो, आणि ते डॉक्टरांनी सांगायचे. आपण स्वतःहून थांबायचे नाही, आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी ठेवायच्या किंवा शेजाऱ्याला द्यायच्या नाहीत. लवकर बरे वाटले तर डॉक्टरांनाच विचारायचे.

क्षयरोगाची, म्हणजे टीबीची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे तडजोड नाही. साध्या टीबीचे उपचार सहा महिने चालतात. दोन महिन्यांत खोकला कमी होतो, वजन वाढते आणि माणूस कामावर जायला लागतो. औषध सुटते ते इथेच. मग औषधाला दाद न देणारा टीबी होतो आणि तो हवेतून घरच्यांनाही होतो. 2011 च्या अखेरीस मुंबईतील हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी अशा चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांच्या जंतूंवर तपासलेल्या पहिल्या आणि दुसऱ्या फळीतल्या सर्व औषधांचा परिणाम होत नव्हता. त्यातल्या बहुतेकांना आधी खासगी डॉक्टरांकडून अनियमित, देखरेखीविना औषधे मिळाली होती. टीबीची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत, आणि निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असताना दरमहा 1000 रुपये मिळतात. आपल्या ओळखीतल्या रुग्णाला हे माहीत आहे का, ते विचारा.

पेनिसिलिनचा शोध 1928 मध्ये लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानातच हा धोका सांगून ठेवला होता. त्यांनी एक कल्पित उदाहरण दिले. एक गृहस्थ घसा दुखतो म्हणून स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो आणि अपुरे घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला तोंड द्यायला शिकतात. ते त्याच्या पत्नीला लागतात, तिच्यावर पेनिसिलिन चालत नाही आणि ती दगावते. चूक एकाची, जीव दुसऱ्याचा. ऐंशी वर्षांपूर्वीचे हे उदाहरण आजही जसेच्या तसे लागू पडते.

'99.9 टक्के जंतूंचा नाश'

आता साबणाकडे वळू. जाहिरातीतला 99.9 हा आकडा मुलांना पाठ असतो, म्हणून त्याचेही गणित करतो. 10 लाख जंतूंतले 99.9 टक्के गेले तरी 1000 उरतात. दर 20 मिनिटांनी दुप्पट होत गेले तर 3 तास 20 मिनिटांत पुन्हा 10 लाखांवर. हातावर इतकी पोषक स्थिती नसते हे खरे, पण आकडा मोठा दिसला म्हणजे संरक्षण कायमचे, असे होत नाही.

साधा साबण काम कसे करतो? त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. हाताच्या तेलकट मळाला तो धरतो आणि जंतूंसकट मळ पाण्याबरोबर वाहून जातो. त्यासाठी नीट चोळणे लागते, किमान 20 सेकंद, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखालीही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर 2016 मध्ये ट्रायक्लोसान, ट्रायक्लोकार्बान यांसह 19 रसायने असलेल्या घरगुती अँटिबॅक्टेरियल साबणांची विक्री थांबवण्याचा निर्णय घेतला. साध्या साबण-पाण्यापेक्षा ती अधिक परिणामकारक आहेत आणि रोज दीर्घकाळ वापरायला सुरक्षित आहेत, हे कंपन्यांना दाखवता आले नव्हते.

ट्रायक्लोसानचा धडा अँटिबायोटिकशी जोडलेला आहे. ते जिवाणूंना सरसकट मारते असे मानले जाई. 1998 मध्ये संशोधकांनी दाखवले की ते जिवाणूच्या एका ठरावीक विकराला, म्हणजे एन्झाइमला अडवते. नेम एकाच जागी असेल तर ती जागा थोडी बदलून जंतू सुटू शकतो. टीबीवरचे आयसोनियाझिड हे औषधही क्षयजंतूतल्या त्याच प्रकारच्या एन्झाइमवर काम करते.

"ताई, मग सॅनिटायझर पण वापरायचं नाही का?" असे कुणीतरी विचारतेच. वापरायचे, पाणी-साबण नसेल तेव्हा. किमान 60 टक्के अल्कोहोल असलेला सॅनिटायझर जंतूंचे आवरण आणि प्रथिने मोडतो आणि उडून जातो. मळलेल्या किंवा तेलकट हातांवर मात्र तो नीट चालत नाही. रुग्णालयातल्या जंतुनाशकांचे काम वेगळे, ते तिथे हवेतच.

दोष कुणाच्या माथी?

लोक अडाणी आहेत म्हणून गोळ्या खातात, असे म्हणणे सोपे आहे. समाजशास्त्र शिकल्यावर हे उत्तर आम्हाला पुरत नाही. हजेरी बुडाली की मजुरी बुडते, म्हणून बाई दोन गोळ्यांत उभे राहण्याची घाई करते. सरकारी दवाखान्याची वेळ आणि कामाची वेळ एकच असते. पाच दिवसांचे पैसे नसतात म्हणून दोन दिवसांच्याच गोळ्या सुट्या घेतल्या जातात. नळाला दिवसातून तासभर पाणी येत असेल तर 20 सेकंद हात धुवा हा उपदेश कोरडाच राहतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना अस्वच्छ म्हणून हिणवले गेले, त्यांच्या मुलांना महागडा 'जंतुनाशक' साबण म्हणजे प्रतिष्ठा वाटली तर दोष त्यांचा नाही. पण प्रतिष्ठा साबणाच्या वेष्टनात नसते. भांडायचेच असेल तर नळाच्या पाण्यासाठी आणि दवाखान्याच्या वेळेसाठी भांडावे.

प्रश्न फक्त माणसांच्या गोळ्यांचाही नाही. कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यात अँटिबायोटिक दिली जात. कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरच्या फळीतले औषधही त्यात होते. केंद्र सरकारने 2019 मध्ये प्राण्यांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली.

घरात काय करायचे?

- घरातल्या औषधांच्या पानांवर उभी लाल रेघ शोधा. ती असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही.
- 1 मार्च 2014 पासून लागू असलेल्या 'एच-1' यादीतल्या औषधांची विक्री दुकानदाराने रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या नावासह वहीत नोंदवायची असते. नोंद आणि बिल मागणे हा आपला हक्क आहे.
- डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : हे अँटिबायोटिक आहे का? ते खरोखर लागेल का? किती दिवस घ्यायचे?
- उरलेली गोळी ठेवू नका, देऊ नका, मागू नका.
- साधा साबण आणि वाहते पाणी. जेवणापूर्वी, स्वयंपाकापूर्वी, शौचानंतर.
- बाळाच्या सर्व लसी वेळेवर द्या. संसर्गच टळला तर औषधही लागत नाही.

दरवर्षी 18 ते 24 नोव्हेंबर हा आठवडा याच विषयाच्या जागृतीसाठी जगभर पाळला जातो. आपल्या अभ्यासिकेत, समाजमंदिरात किंवा महिला मंडळात त्या आठवड्यात एक तास काढा. हरभरे, वाटाणे, राजमा आणि एक वाटी, एवढे साहित्य पुरे. शिकवायला मोठ्यांनी पुढे येण्याची गरज नाही. एकदा खेळलेली नववीतली मुलगी तो आईला, आजीला आणि शेजारच्या काकूंना सहज समजावून सांगू शकते. फक्त तिला बोलू द्या, आणि ती सांगेल ते ऐका.