नव्वद दिवसांचा हिशेब

थंडी पडली की अनेक निवृत्त ब्रिटिश जोडपी मोटारहोम घेऊन स्पेनच्या किनाऱ्यावर महिनोन्‌महिने मुक्काम ठोकत. ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, दीर्घ मुदतीच्या व्हिसाशिवाय ते जमत नाही. स्पेनसह सगळ्या शेंगेन देशांत, म्हणजे आपसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांत, मिळून कोणत्याही १८० दिवसांत त्यांना ९० दिवसच राहता येतं.

बेत बदलले. नव्वद दिवस संपले की मधले महिने शेंगेनबाहेरच्या क्रोएशियात काढायची सोय होती, पण २०२३ मध्ये क्रोएशियाही शेंगेनमध्ये गेला!

उरला मोरोक्को. स्पेनमधल्या अल्जेसिरासहून गाडीसकट फेरीबोटीत चढायचं, पलीकडे उतरून अगादीरच्या उबदार किनाऱ्याकडे सावकाश निघायचं. तिथले दिवस शेंगेनच्या हिशेबात धरत नाहीत. सक्तीचा असला, तरी हा वळसा अधिक समृद्ध वाटतो. मात्र तिथेही व्हिसाविना मुक्काम ९० दिवसांचाच.