पुस्तक फुकट, कोड विकत!

कॉलेजच्या फीचं आपण फारसं काही करू शकत नाही. पण पुस्तकांच्या खर्चाचं? डिजिटल अभ्याससाहित्यामुळे तो जवळजवळ शून्यावर येऊ शकतो. फक्त ‘डिजिटल’ आणि ‘स्वस्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत, एवढं लक्षात ठेवायचं...

जून-जुलै उजाडला की आपल्या वयाच्या मंडळींचा एक ठरलेला खर्च डोकं वर काढतो. नोकरी लागून तीन-चार वर्षं झालेली, बाइकचा हप्ता नुकताच संपलेला, गोव्याचा प्लॅन जवळजवळ फायनल आणि तेवढ्यात घरून फोन, ‘‘अगं, धाकट्याची अॅडमिशन झालीय, थोडी मदत लागेल.’’ नाही म्हणायचा प्रश्नच नसतो. आपल्या वेळी कोणीतरी भरलेलेच असतात ना!

माझा मामेभाऊ बार्शीहून पुण्यात इंजिनीअरिंगला आलाय. त्याच्या फीतला थोडा वाटा माझ्याकडे असल्यामुळे पावती माझ्या व्हॉट्सअॅपवर येते. यंदाच्या पावतीत ट्युशन, डेव्हलपमेंट, जिमखाना या जुन्या पाहुण्यांच्या शेजारी एक नवी ओळ दिसली : ‘डिजिटल कन्टेन्ट’.

‘‘हे काय रे?’’

‘‘ताई, ते कम्पल्सरी आहे. लॉगिन देतात. त्यात नोट्स असतात, टेस्ट असतात.’’

‘‘आणि सेमिस्टर संपल्यावर?’’

‘‘बंद होतं.’’

‘‘विषय राहिला तर?’’

‘‘तर परत भरायचे.’’

मी त्याच्या कॉलेजचं नाव इथे लिहीत नाही. पण ही एक ओळ मला भलतीच खटकली. कारण ‘सगळं ऑनलाइन आलं, आता शिक्षण स्वस्त होणार’ असं आपण इतकी वर्षं ऐकतोय. मग स्वस्ताईच्या नावाखाली एक नवा खर्च कसा काय उगवला?

सेकंडहँडची श्रीमंती

आपल्याकडे कॉलेजची पुस्तकं परवडायची ती प्रकाशकांच्या कृपेने नव्हे. ती परवडायची पुण्यात अप्पा बळवंत चौकामुळे, मुंबईत किंग्ज सर्कलच्या फुटपाथमुळे. जुनं पुस्तक घ्यायचं, वर्षभर वापरायचं आणि परीक्षा झाली की जाऊन परत विकायचं. म्हणजे खरं तर आपण पुस्तक विकत घेत नव्हतो, भाड्यानेच घेत होतो. मास कॉमला असताना केवल कुमारांचं ‘मास कम्युनिकेशन इन इंडिया’ माझ्या हाती आलं, तेव्हा त्यात आधीच्या तीन बॅचच्या पेन्सिलींच्या खुणा होत्या. कुठला भाग परीक्षेला येतो, हे त्या खुणांवरूनच कळायचं! मी ते पुढे ज्युनिअरला दिलं. त्या एका कॉपीवर किती जण पास झाले असतील, देव जाणे.

आता लॉगिनचं बघा. ते विकता येत नाही, धाकट्या बहिणीला देता येत नाही, तारीख उलटली की दिसतही नाही. छापील पुस्तक पाच जणांत फिरलं तर खर्चाचे पाच वाटे पडतात. कोड पाच जणांना लागला तर पाच वेळा पैसे. साधं गणित आहे.

अमेरिकेत काय झालं?

या गणिताचा पूर्ण पेपर अमेरिकेने आधीच सोडवलाय. तिथल्या सरकारच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या आकडेवारीनुसार जानेवारी 2006 ते जुलै 2016 या काळात कॉलेजच्या पाठ्यपुस्तकांच्या किमती 88 टक्क्यांनी वाढल्या. याच काळात एकूण महागाई होती 21 टक्के. साहजिकच पोरं जुनी पुस्तकं घ्यायला लागली, भाड्याने आणायला लागली.

आपल्याकडून एमएसला जाणारी मुलं बॅगेत लोणच्याच्या शेजारी ‘इंडियन एडिशन’ कोंबून नेतात, ते यामुळेच. तेच पुस्तक, तोच मजकूर, फक्त कागद हलका आणि किंमत कितीतरी कमी. थायलंडहून शिकायला गेलेल्या सुपाप किर्तसेंग या विद्यार्थ्याने तर याचा धंदाच केला. घरच्यांना तिकडे स्वस्त आवृत्त्या घ्यायला सांगायच्या, अमेरिकेत मागवायच्या आणि ऑनलाइन विकायच्या. वायली या प्रकाशन कंपनीने त्याला कोर्टात खेचलं. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं आणि मार्च 2013 मध्ये सहा विरुद्ध तीन अशा मतांनी पठ्ठ्या जिंकला! कायदेशीरपणे घेतलेलं पुस्तक पुढे विकायचा हक्क घेणाऱ्याचाच, मग ते छापलेलं कुठलं का असेना.

पण हा हक्क पुस्तकाला आहे, लॉगिनला नाही. 2019 मध्ये पीअर्सनने जाहीर केलं, की अमेरिकेतली आपली सुमारे 1,500 पाठ्यपुस्तकं यापुढे ‘डिजिटल फर्स्ट’ असतील. सुरुवातीची किंमत छापीलपेक्षा कमी, हे खरं. पण त्याचबरोबर सेकंडहँडचा बाजार आपोआप आटतो, हेही तितकंच खरं. त्यात गृहपाठ आणि चाचण्याच कोडच्या आड ठेवल्या, की मग मित्राचं पुस्तक मागून आणूनही उपयोग नाही. मार्क हवेत ना? मग कोड घ्या!

खुलं आणि बंद

मग डिजिटल वाईट का? मुळीच नाही बॉस! फंडा असा, की फाइल खुली आहे की कुलुपातली, हे बघायचं.

2001 च्या एप्रिलमध्ये एमआयटीने आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवायचं जाहीर केलं, तेव्हा अनेकांना तो वेडेपणा वाटला होता. आज ‘ओपनकोर्सवेअर’वर अडीच हजारांहून जास्त कोर्सचं साहित्य आहे. पुढची उडी मारली ह्यूस्टनच्या राइस युनिव्हर्सिटीने. तिथले इंजिनीअरिंगचे प्राध्यापक रिचर्ड बॅरानियुक यांनी 1999 मध्ये ‘कनेक्शन्स’ नावाचा प्रकल्प सुरू केला होता. त्यातूनच 2012 मध्ये ‘ओपनस्टॅक्स’ची पहिली पुस्तकं आली. नोट्स नव्हेत, तज्ज्ञांनी तपासलेली अख्खीच्या अख्खी पाठ्यपुस्तकं. पीडीएफ उतरवून घ्या, प्रिंट काढा, मित्राला पाठवा. कोणी पोलिसात देणार नाही, कारण परवानगी लायसन्समध्येच लिहिलेली आहे. फिजिक्स, अर्थशास्त्र, स्टॅटिस्टिक्स, अकाउंटिंग, मॅनेजमेंट, फायनान्स... नोकरी सांभाळून एमबीए करणाऱ्यांनी ‘प्रिन्सिपल्स ऑफ फायनान्स’ एकदा उघडून बघाच. मी उघडलं आणि शेअर बाजाराच्या पानावर काम करणाऱ्या मित्रासमोर दोन दिवस भाव खाल्ला.

आपली दिल्ली, आपली नाशिक

या बाबतीत आपण मागे आहोत असं मात्र समजू नका. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर 2012 मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशकांनी खटला भरला. गुन्हा काय, तर प्राध्यापकांनी नेमलेल्या प्रकरणांच्या झेरॉक्स एकत्र बांधून विकणं. सप्टेंबर 2016 मध्ये दिल्ली हायकोर्टाने प्रकाशकांचा दावा फेटाळला. शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींना आपला कॉपीराइट कायदा सूट देतो, ही त्या निकालाची बाजू. डिसेंबरमध्ये खंडपीठानेही मूळ मुद्दा मान्य केला, काही बाबी मात्र पुन्हा तपासायला सांगितल्या. मार्च 2017 मध्ये प्रकाशकांनी खटलाच मागे घेतला. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने असा इतिहास घडवलाय!

आणि खुल्या साहित्याचं म्हणाल तर आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीचं ‘एनपीटेल’ 2003 पासून चालू आहे. व्हिडिओ फुकट, कोर्सला नाव घालणं फुकट. सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेचे हजारेक रुपये. 2017 मध्ये ‘स्वयम्’ आलं आणि 2021 च्या यूजीसी नियमांनुसार कॉलेजला हवं असेल तर एका सेमिस्टरमधले 40 टक्क्यांपर्यंतचे कोर्स तिथून करून त्यांची क्रेडिट्स घेता येतात. ‘कॉलेजला हवं असेल तर’ हे शब्द महत्त्वाचे. बऱ्याच ठिकाणी घोडं इथेच अडतं.

नोकरी करत शिकायचं असेल तर ‘इग्नू’चा हिशेब सगळ्यात सरळ वाटतो. छापील पुस्तकांऐवजी डिजिटल घेतलंत तर कोर्सच्या फीमध्ये 15 टक्के सूट, अशी योजना त्यांनी काही वर्षांपूर्वी आणली. डिजिटलमुळे वाचलेला पैसा विद्यार्थ्याच्या खिशात पडला, याचं एवढं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलं नाही. शिवाय त्यांची पुस्तकं ‘ई-ज्ञानकोश’वर कोणालाही वाचता येतात, अॅडमिशन असो वा नसो. मराठीतून हवं असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची ई-पुस्तकं आहेत. एआयसीटीईच्या ‘ई-कुंभ’ पोर्टलवर डिप्लोमा आणि इंजिनीअरिंगची पुस्तकंही मराठीत मिळतात. त्यातले काही पारिभाषिक शब्द वाचताना दातांना व्यायाम होतो, ते सोडा. पण बारावीपर्यंत मराठीत शिकलेल्या पोराला थर्मोडायनॅमिक्स आधी आपल्या भाषेत कळलं, तर त्याची किंमत कशी करणार?

सरकारची नवी मोठी योजना म्हणजे ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी, तीन वर्षांसाठी सुमारे 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशकांची जवळपास 13,000 जर्नल्स. ऐकायला भन्नाट! पण ही योजना आखली गेली ती सरकारी संस्थांसाठी, आणि त्यात आहेत संशोधनाची जर्नल्स. बार्शीहून आलेल्या सेकंड इयरच्या मुलाला जर्नल नको असतं, त्याला एम-थ्री सुटायला हवं असतं.

मग अडतं कुठे?

सिलॅबसमध्ये! पुस्तकांच्या यादीत मोठमोठी इंग्रजी नावं असतात, प्रत्यक्षात परीक्षेच्या आदल्या रात्री सगळे ‘लोकल ऑथर’ उघडतात. कारण तो आपल्या युनिव्हर्सिटीच्या पेपरच्या भाषेत बोलतो. एनपीटेलचे सर कितीही झकास शिकवोत, ‘युनिट फोरमधलं सहा मार्कांचं उत्तर’ ते देत नाहीत. त्यामुळे फुकटचं सोनं डोळ्यांसमोर असूनही मुलं विकतचं पितळ घेतात. याला मुलं जबाबदार नाहीत. एखाद्या प्राध्यापकाने सुट्टीत बसून प्रत्येक युनिटपुढे ‘हे एनपीटेलच्या अमुक लेक्चरमध्ये, हे ओपनस्टॅक्सच्या तमुक प्रकरणात’ एवढा दोन पानी तक्ता केला, तरी वर्गातल्या साठ मुलांचा खर्च वाचेल. या कामाला बजेट लागत नाही. लागतो तो वेळ, आणि तो खर्च करणाऱ्याला शाबासकी सहसा मिळत नाही.

दुसरी अडचण स्क्रीनची. माझा मामेभाऊ सगळं मोबाइलवर वाचतो. 2016 मध्ये जिओ आल्यापासून डेटाची चिंता तशी मिटली. पण सहा इंचांच्या स्क्रीनवर सर्किट डायग्राम बघताना तो बोटांनी इतकं झूम करतो, की आधीची ओळ हरवते. शेवटी आम्ही एक तडजोड काढली. ज्या विषयात आकृत्या जास्त, त्यांची खुल्या पुस्तकांतली तेवढीच प्रकरणं प्रिंट करून स्पायरल बाइंडिंग करायचं. बाकी सगळं मोबाइलवर. त्याच्या हॉस्टेलच्या खोलीत आता असे चार गठ्ठे आहेत आणि ते तिघांत फिरतात.

तुमच्याकडेही अशी एखादी पावती आली, तर पैसे ट्रान्सफर करण्याआधी जरा फोन करून विचारा : हे किती दिवस चालणार? डाउनलोड होतं का? प्रिंट निघते का? विषय राहिला तर पुन्हा पैसे का? आणि हेच खुल्या साहित्यातून भागत असेल तर सक्ती कशासाठी? मी विचारलं. ऑफिसमधल्या बाईंनी आधी ‘‘सगळेच भरतात’’ म्हणून सांगितलं, मग ‘‘लेखी अर्ज द्या’’ म्हणाल्या. अर्ज दिलाय. मामेभावाच्या वर्गातल्या आणखी अकरा जणांनीही सह्या केल्यात आणि पुढच्या सेमिस्टरची फी भरायची तारीख अजून लागलेली नाही.