फिरता पाट आणि न दिसणारं वर्तुळ

दहा बाय बाराच्या खोलीत सुतारकामाची कार्यशाळा थाटणाऱ्याला लाकडाच्या आधी जागेचा भाव कळतो. भिंतीलगत कामाचं टेबल लागतं, कोपऱ्यात प्लायवूडचे उरलेले तुकडे उभे राहतात. मग थिकनेस प्लेनर येतो, म्हणजे फळीची जाडी एकसारखी करणारं रंधा मशीन. त्याच्या मागोमाग लाकूड घासून गुळगुळीत करणारा सँडर. दोन्ही यंत्रं दिवसातला थोडा वेळ चालतात आणि बाकीचा सगळा वेळ जागा अडवून बसतात. शिवाय चालवणारा माणूस एकच असेल, तर एक यंत्र चालू असताना दुसरं बंदच असतं.

उलटत्या माथ्याचं स्टँड नेमका याचाच फायदा घेतं. स्टँडच्या वरच्या पाटातून मधोमध एक लोखंडी गज आडवा जातो आणि दोन्ही बाजूंच्या फळ्यांमध्ये टेकतो. पाटाच्या एका अंगाला प्लेनर घट्ट बसवलेला, दुसऱ्या अंगाला सँडर. पाट जागेवर धरणारे बोल्ट सैल करायचे, पाट अर्धा फिरवायचा, पुन्हा बोल्ट आवळायचे. वरचं यंत्र खाली उलटं लटकतं, खालचं वर येतं.

अमेरिकेत घराच्या गॅरेजमध्ये सुतारकाम करणाऱ्या हौशी मंडळींमध्ये ही रचना फार प्रिय आहे, पण तिच्यामागची गरज जुनी आहे. आपल्याकडच्या पायमशीनचं डोकं काम झाल्यावर टेबलाच्या पोटात जातं, तेही जागेसाठीच. १९४७ साली अमेरिकेत हान्स गोल्डश्मिट यांचं ‘शॉपस्मिथ’ बाजारात आलं. एकाच मोटरवर करवत, लेथ, ड्रिल आणि सँडर चालवणारं ते यंत्र घरगुती कामासाठीच होतं. इंग्लंडमध्ये लोटस एलान मोटारीचे रचनाकार रॉन हिकमन यांच्या हातून १९६१ मध्ये कपाट बनवताना टेकण म्हणून घेतलेली महागडी खुर्चीच कापली गेली. त्यातून त्यांना घडी होणारं कामाचं टेबल सुचलं. कंपन्यांनी ते नाकारलं. ब्लॅक अँड डेकरनेही आधी नकारच दिला होता, पण १९७२ पासून हीच कंपनी ते ‘वर्कमेट’ नावाने बनवू लागली आणि ते जगभर कोट्यवधींनी खपलं. कमी जागेत काम करणाऱ्यांची अडचण किती मोठी आहे, हे त्या खपावरून कळतं.

स्टँड दिसायला सोपं आहे: दोन बाजू, एक तळ, एक पाट आणि चार चाकं. फसतं ते मापात. पाट फिरताना यंत्राचा प्रत्येक कोपरा हवेत एक वर्तुळ काढतो आणि सगळं स्टँड त्या वर्तुळाभोवती बेतावं लागतं.

समजा, प्लेनर ४५ सेंटिमीटर उंच आहे आणि माथ्याकडे ३२ सेंटिमीटर खोल आहे. पाट ५.६ सेंटिमीटर जाड, गज त्याच्या पोटात बरोबर मध्ये. म्हणजे गजाच्या केंद्रापासून प्लेनरचा माथा ४७.८ सेंटिमीटरवर आला. बरेच जण इथेच थांबतात आणि खाली ४९ सेंटिमीटर जागा ठेवतात. पण माथ्याचा कोपरा मध्यापासून १६ सेंटिमीटर बाजूला आहे. शाळेतला पायथागोरस इथे कामाला येतो: ४७.८ चा वर्ग अधिक १६ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ५०.४. पाट फिरवताना कोपरा तळाच्या फळीत घुसणार आणि सगळं चिकटवून झाल्यावर ते लक्षात येणार. म्हणून गज आणि तळ यांमध्ये ५३ सेंटिमीटर तरी मोकळे हवेत. त्यात तळाची फळी आणि चाकं यांचे सुमारे १२ सेंटिमीटर मिळवले, की गज जमिनीपासून ६५ वर आणि पाटाचा पृष्ठभाग ६८ वर येतो. काम करायला ही उंची सोयीची आहे.

आकडेमोड नको असेल, तर पुठ्ठा घ्यावा. यंत्राची बाजूने दिसणारी आकृती हँडल, बटणं आणि भुसा जाण्याच्या नळीसकट त्यावर काढून कापावी. गजाच्या जागी खिळा ठोकून पुठ्ठा मोठ्या कागदावर फिरवावा आणि सर्वांत दूरच्या टोकाला पेन्सिल धरावी. वेड्यावाकड्या आकाराच्या यंत्रासाठी ही रीत हिशेबापेक्षा भरवशाची आहे, कारण हिशेबात हँडल विसरलं जातं.

हेच वर्तुळ आणखी दोन गोष्टी ठरवतं. स्टँडची खोली ६० सेंटिमीटर असेल, तर फिरताना प्लेनर पुढे आणि मागे वीसेक सेंटिमीटर बाहेर येतो. भिंतीला चिकटून उभं असलेलं स्टँड फिरवता येत नाही, त्यामुळे चाकं हवीतच. दुसरी गोष्ट मागच्या फळीची. स्टँड डुलू नये म्हणून मागे पूर्ण फळी ठोकण्याचा मोह होतो, पण ती यंत्राच्या वाटेत येते. तळाशी १० सेंटिमीटर उंचीची आडपट्टी मात्र या मापात वर्तुळाच्या बाहेर राहते. पुढे आणि मागे अशी एकेक पट्टी पक्की बसवली, तर स्टँड डुलत नाही.

मापानंतर तोल. प्लेनर २८ किलोचा आणि त्याचा गुरुत्वमध्य गजापासून २० सेंटिमीटरवर. सँडर १४ किलोचा आणि त्याचा गुरुत्वमध्य १६ सेंटिमीटरवर, असं धरू. पहिला गुणाकार ५६०, दुसरा २२४, फरक ३३६. पाट उभा होतो तेव्हा हा फरक पुरता जाणवतो आणि गजापासून २७ सेंटिमीटरवर कडा धरलेल्या हातांना साडेबारा किलोंचा जोर पेलावा लागतो. पेलता येतो, पण बेसावध माणसाची बोटं चेंगरायला तेवढा पुरेसा आहे. प्लेनर वर असताना बोल्ट काढले, तर पाट आपणहून गरकन फिरू शकतो. म्हणून कडा आधी धरायची, बोल्ट मग सोडायचे. जोडी जमवताना वजनं जवळपासची निवडावीत. हलक्या यंत्राखाली जाड लोखंडी पट्टी बसवली तरी फरक कमी होतो.

लाकूडकामाला १८ मिमी प्लायवूडचा आठ बाय चारचा एक ताव पुरतो. पाट म्हणजे प्लायचे दोन तुकडे आणि मध्ये २० मिमी जाडीच्या लाकडी पट्ट्या, त्यांच्या मधोमध २० मिमीचा ब्राइट बार, म्हणजे आपला गज. गजाऐवजी पाइप घेताना जपावं: अर्धा इंची म्हणून मिळणारा जीआय पाइप बाहेरून २१ मिमीपेक्षा जास्त भरतो आणि २० मिमीच्या पट्ट्यांमध्ये बसत नाही. यंत्रांचे बोल्ट कुठून जाणार, हे पाट चिकटवण्याआधी आखून घ्यावं. एका यंत्राचा बोल्ट दुसऱ्याच्या पायाखाली निघतो, नाहीतर थेट गजावर आपटतो. बाजूच्या फळ्या पाटाच्या पातळीतच संपतात, त्यामुळे गजाच्या भोकावर प्लायची जेमतेम १८ मिमीची कड उरते. तिथे आतून आणखी एक तुकडा चिकटवून जाडी दुप्पट करावी. बेअरिंग लागतंच असं नाही. दिवसातून चार-पाचदा फिरणाऱ्या गजाला मेण चोळलेलं भोक आणि पाट व फळी यांमध्ये एक वॉशर पुरेसा आहे.

बेअरिंगवर वाचलेले पैसे बोल्टांवर खर्च करावेत. दाराला लावतात तो टॉवर बोल्ट इथे चालत नाही. त्यात असलेली सैल जागा प्लेनर सुरू होताच खडखडते आणि फळीवर लाटा उमटतात. पाटाच्या चारही कोपऱ्यांना १० मिमीचे बोल्ट मुठीने आवळता आले पाहिजेत. शहाबादी फरशीच्या उंचसखल जमिनीवर ब्रेकची चारही चाकं टेकत नाहीत. तिथे एका बाजूला उंची कमीजास्त करता येणारे पाय लावणं बरं.

सगळीच यंत्रं उलटी टांगण्याजोगी नसतात. तेल वापरणाऱ्या एअर कॉम्प्रेसरमधलं तेल बाहेर येतं. उंच खांबाच्या ड्रिलचं वर्तुळ खोलीला झेपत नाही. मायटर सॉ चालतो, पण त्याचं डोकं खाली दाबून खिळीने अडकवल्यावरच. बेंच ग्राइंडरची पाण्याची वाटी आधी काढून ठेवावी. आणि फिरवण्यापूर्वी वरचा भुसा झाडावा, नाहीतर तो खालच्या यंत्राच्या मोटरमध्ये जातो.

वायर हा वेगळा मुद्दा. १६५० वॅटचा प्लेनर २३० व्होल्टवर सात अँपिअरहून जास्त वीज ओढतो, तेव्हा त्याला ६ अँपिअरचा साधा सॉकेट नको, १६ अँपिअरचा हवा, अर्थिंगसकट. पाट फिरवण्याआधी दोन्ही यंत्रांचे प्लग काढायचे आणि वायरी गुंडाळून पाटालाच अडकवायच्या. लोंबणारी वायर गजाभोवती पिळली जाते.

पहिली चाचणी रिकाम्या पाटाने घ्यावी. तो दोन बोटांनी फिरला पाहिजे. मग हलकं यंत्र बसवून एक फेरा, आणि शेवटी जड यंत्र खालच्या अंगाला बसवून, मदतीला दुसरा माणूस घेऊन, पहिला पूर्ण फेरा.