बर्फाळ समुद्राची शाळा कोणाच्या बळावर उभी राहते?

सुरक्षेच्या शाळा : लेखांक सहावा

युद्धनौकेचं इंजिन चालवायला शिकायचं, तर भारतीय नौदलातल्या माणसाला समुद्र मागे टाकून बोरघाट चढावा लागतो. लोणावळ्यात, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून अधिक उंचीवर, भुशी धरणाच्या वाटेवर, ‘आयएनएस शिवाजी’ ही नौदलाची अभियांत्रिकी शाळा आहे. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी, दुसरं महायुद्ध चालू असतानाच, ‘एचएमआयएस शिवाजी’ या नावाने ती सुरू झाली. ‘कर्मसु कौशलम्’ हे तिचं ब्रीद. पंचाहत्तर वर्षं पूर्ण होताना, १३ फेब्रुवारी २०२० रोजी, राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी तिला ‘राष्ट्रपती निशाण’ प्रदान केलं. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी हजारो पर्यटक मक्याची कणसं खात या आवाराजवळून धरणाकडे जातात, पण आत काय शिकवलं जातं याची चौकशी फारसं कोणी करत नाही. या आठवड्याचा आपला विषय वरवर पाहता लोणावळ्यापासून फार दूरचा आहे : उत्तर ध्रुवाभोवतालच्या समुद्राची सुरक्षा शिकवणारी शाळा कोण चालवतं, आणि भारताला तशी शाळा हवी असेल तर ती कोणाच्या बळावर उभी राहील. माझं म्हणणं असं आहे की या प्रश्नाचं निम्मं उत्तर याच मावळ तालुक्यात आहे.

अमेरिकेने अशी शाळा काढलेली आहे. जून २०२१ मध्ये संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी तिची घोषणा केली; अलास्कात, अँकरेजला, ती उभी राहिली. अलास्काचे दिवंगत सिनेटर टेड स्टीव्हन्स यांचं नाव तिला दिलं आहे. अमेरिकी संरक्षण खात्याची अशी पाच प्रादेशिक अभ्यासकेंद्रं आधीपासून होती, हे सहावं. संस्था उभी करण्याचं काम रँडी की या हवाईदलातून निवृत्त झालेल्या मेजर जनरलकडे सोपवलं गेलं. अलास्कातच काम केलेला, तिथली थंडी आणि तिथली अंतरं अंगावर घेतलेला माणूस निवडला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. शाळेला नाव राजकारण्याचं आणि निधी संसदेचा, पण वर्गात उभं राहायला तिथला अनुभवी माणूस लागला. मित्रराष्ट्रांतले अधिकारी, मुलकी नोकर, संशोधक यांना एका वर्गात बसवून शिकवायचं, तर शिकवणाऱ्याच्या शब्दाला वजन लागतं. ते वजन त्या भागात काढलेल्या वर्षांतून येतं.

आता हा समुद्र जहाजातल्या माणसाच्या बाजूने पाहू. जहाजाच्या बुडाशी, पाण्याच्या पातळीखाली, जाळी लावलेली तोंडं असतात. त्यांतून समुद्राचं पाणी आत येतं ती पेटीसारखी जागा म्हणजे ‘सी-चेस्ट’. हे पाणी इंजिन आणि जनरेटर थंड ठेवतं. मुंबईच्या समुद्रात या जाळ्यांत शेवाळ आणि प्लास्टिक अडकतं. ध्रुवीय समुद्रात बर्फाचा लगदा आत शिरतो. जाळी तुंबते, गाळणी तुंबते, पाणी येईनासं होतं, आणि पृथ्वीवरच्या सर्वांत थंड समुद्रात इंजिन गरम होऊन बंद पडायची वेळ येते. उपाय ठरलेला आहे : इंजिनातून तापून निघालेलं पाणी सगळं बाहेर न सोडता त्यातलं काही परत सी-चेस्टमध्ये वळवायचं, म्हणजे लगदा वितळत राहतो. पण कोणता व्हॉल्व्ह किती उघडायचा, तापमानाचा काटा कुठे आला की हात घालायचा, हे पहाटे तीन वाजता पाळीवर असलेल्या माणसाला ठरवायचं असतं. तीच गत आग विझवायच्या पाण्याची. उघड्या डेकवरच्या नळीत पाणी उभं राहिलं तर गोठतं आणि नळी फुटते. म्हणून ते काढून टाकावं लागतं किंवा वाहतं ठेवावं लागतं. लाटांचे तुषार डोलकाठीवर, कठड्यावर, तोफेवर गोठत जातात, जहाज वरून जड होतं आणि त्याचा तोल जातो. दुसऱ्या महायुद्धात घाईने जोडलेल्या कित्येक ‘लिबर्टी’ जहाजांचं पोलाद थंडीत ठिसूळ होऊन तडकलं होतं. आर्क्टिकची सुरक्षा म्हटलं की नकाशावरचे बाण आणि पाणबुड्यांची संख्या डोळ्यांपुढे येते. त्याआधीचा प्रश्न जहाज चालू राहतं का, हा आहे, आणि तो यांत्रिक शाखेचा आहे.

हा प्रश्न भारतीय नौदलाला पुस्तकातून कळलेला नाही. ‘विक्रमादित्य’ ही विमानवाहू नौका रशियात सेवेरोद्विन्स्क इथे, श्वेत समुद्राच्या काठी, नव्याने घडवली गेली. हे बंदर आर्क्टिक वर्तुळाच्या थोडंच खाली आहे. २०१२ च्या समुद्रचाचण्यांत पूर्ण वेग घेताना तिच्या आठपैकी सात बॉयलरमध्ये बिघाड झाला. उष्णतारोधनासाठी ॲस्बेस्टॉस नको म्हणून विटांचं अस्तर लावलं होतं, ते टिकलं नाही. नौका ताब्यात मिळायला जवळपास वर्ष उशीर झाला आणि १६ नोव्हेंबर २०१३ रोजी तिथेच, गोठत्या हवेत, ती नौदलात दाखल झाली. त्याच बंदरात ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीची मोठी दुरुस्ती झाली होती. २०१३ च्या जानेवारीत, ऐन हिवाळ्यात, ती तिथून बर्फाळ समुद्रातून मायदेशी निघाली. भारतीय पाणबुडीने असा समुद्र ओलांडण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढे त्याच वर्षी १४ ऑगस्टला मुंबईच्या गोदीत स्फोट होऊन ही पाणबुडी बुडाली आणि १८ जण गेले. म्हणजे उत्तरेच्या थंडीत यंत्रांशी झगडलेले अधिकारी, आर्टिफिसर आणि स्टोकर आपल्याकडे आहेत. त्यांतले बरेच आज निवृत्तीला आलेले असतील किंवा निवृत्त झालेले असतील. त्यांना ठाऊक असलेलं ज्ञान कुठल्या वर्गात उतरलं, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

लोणावळ्याच्या आवारातच नौदलाची दुसरी एक शाळा आहे : आण्विक, जैविक आणि रासायनिक हल्ल्यापासून बचाव व नौकेची हानी आवरणं शिकवणारी, नौदलाच्या बोलीत ‘एनबीसीडी स्कूल’. २०१९ मध्ये तिथे ‘अभेद्य’ नावाचं नवं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं, ते गोवा शिपयार्डने बांधलं. हानी आवरण्याचं शिक्षण असं असतं : जहाजाच्या खोलीसारख्या पोलादी कप्प्यात शिकाऊंना उभं करायचं, दिवे घालवायचे, भिंतीतल्या भोकातून जोराने पाणी सोडायचं. पाणी गुडघ्यावर, मग कमरेवर चढत असताना मऊ लाकडाचे खुंटे आणि पाचरी ठोकायच्या, फळी दाबून धरायची, लाकडी टेकू देऊन ती घट्ट बसवायची. हे काम पुस्तक वाचून येत नाही. मागे उभा असलेला जुना नौसैनिक, चीफ किंवा मास्टर चीफ, हातातली पाचर काढून घेतो आणि योग्य कोनात परत ठोकून दाखवतो तेव्हा येतं. २६ जानेवारी २०२४ रोजी एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडून आग लागली. जहाजावर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी खलाशी होते. मुंबईत माझगाव गोदीत बांधलेल्या ‘आयएनएस विशाखापट्टणम’वरून एनबीसीडीचं दहा जणांचं पथक त्या जळत्या जहाजावर चढलं, आणि सुमारे सहा तासांच्या झुंजीनंतर आग आटोक्यात आली. सुरक्षेच्या शाळेचा निकाल असा परक्या जहाजाच्या डेकवर लागतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळं कारागिरीचं शिक्षण झालं. सुरक्षेचा अभ्यास म्हणजे कायदा, राजनय, सत्तेचा समतोल, आणि तो दिल्लीतल्या विद्वानांचा प्रांत आहे. आक्षेपात तथ्य आहे. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांबाबतच्या करारावर १९२० साली भारताच्या वतीने सही झाली म्हणूनच आज आपण तिथे संशोधनकेंद्र चालवू शकतो, आणि कराराचं कलम वाचायला कायद्याचा माणूसच लागतो. पण आर्क्टिकमध्ये देशांनी प्रत्यक्षात काय ठरवलं आहे ते पाहा. १९९६ मध्ये आर्क्टिक परिषद स्थापन झाली तेव्हाच लष्करी सुरक्षेचे विषय तिच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. आठ आर्क्टिक देशांनी तिथे केलेला पहिला बंधनकारक करार २०११ चा, नूक इथला, आणि त्याचा विषय शोध व बचाव. बर्फात अडकलेलं जहाज, तेलगळती, आग, दूरवर पडलेलं विमान : त्या प्रदेशात सुरक्षा बहुतेक वेळा याच रूपात समोर येते. या कामात पाचर ठोकणारा चीफ आणि करार वाचणारा प्राध्यापक एकाच वर्गात हवेत. आज प्राध्यापकाला परिसंवादाचं आमंत्रण मिळतं, चीफला मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सरळ आहे : विषुववृत्ताजवळच्या देशाला ध्रुवाशी काय देणं-घेणं? याचं उत्तर मावळातच, इंदुरीच्या बाजूला, मिळतं. तळेगाव-चाकण रस्त्यावर १९९८ पासून तोलानी मेरीटाइम इन्स्टिट्यूट चालतं. जहाजमालक आणि कॉर्नेल विद्यापीठाचे पीएचडी असलेले नंदलाल तोलानी यांनी ते काढलं. मुलांना समुद्रावर जाण्याआधी खरं इंजिनघर पाहता यावं म्हणून त्यांनी आवारातच जहाजाचं इंजिनघर उभं केलं. इथून निघालेली मुलं परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर जातात आणि ती जहाजं माल असेल तिथे जातात. ध्रुवीय पाण्यातल्या जहाजांसाठीची आंतरराष्ट्रीय संहिता १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे, आणि जुलै २०१८ पासून अशा पाण्यात जहाज नेणाऱ्या अधिकाऱ्यांना वेगळं प्रशिक्षण सक्तीचं झालं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत उत्तरी सागरी मार्गावरच्या भारत-रशिया कार्यगटाची पहिली बैठक झाली, तीत भारतीय खलाशांना ध्रुवीय नौकानयन शिकवण्याचा विषय होता. देशाने ध्रुवाकडे पाठ फिरवली तरी देशातला खलाशी तिथे पोहोचणारच आहे. त्याला कोणी शिकवायचं, एवढंच आपल्या हातात आहे.

शास्त्राच्या बाजूने आपण माणसं घडवली, हे इथे नोंदवलं पाहिजे. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखालची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. औंधच्या पंत घराण्यातल्या, पुण्यात शिकलेल्या अदिती पंत १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत होत्या. सुदीप्ता सेनगुप्ता आणि त्या अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्री-शास्त्रज्ञ. पुढे वास्कोत ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र झालं, २००८ मध्ये आर्क्टिकमध्ये ‘हिमाद्री’ हे संशोधनकेंद्र सुरू झालं, डिसेंबर २०२३ पासून तिथे हिवाळ्यातही भारतीय शास्त्रज्ञ राहू लागले. भूदलानेही थंडीची शाळा गुलमर्गला १९४८ मध्येच काढली, आणि सियाचीनच्या अनुभवाने ती समृद्ध होत गेली. शास्त्र आणि भूदल या दोघांनीही आधी माणसं बर्फात पाठवली आणि मग त्यांनाच शिकवायला बसवलं. समुद्राच्या बाबतीत ही साखळी अर्धवट आहे.

तिसरा आक्षेप लोणावळ्याच्याच पद्धतीवर घेता येतो, आणि तो सर्वांत अवघड आहे. सैनिकी शाळेतला शिक्षक दोन-तीन वर्षांत बदलून जातो. तो नौकेवरून येतो, शिकवतो, परत नौकेवर जातो; त्याच्याबरोबर त्याचं शहाणपणही जातं. अमेरिकी केंद्रांनी निवृत्त अधिकारी आणि मुलकी प्राध्यापक कायम ठेवून यावर तोड काढली आहे. बदली बंद करावी असं मला वाटत नाही, कारण नौकेपासून दहा वर्षं दूर राहिलेला शिक्षक जुनाट होतो आणि विद्यार्थ्यांना ते लगेच कळतं. पण बदलून जाणाऱ्याचा अनुभव लिहून ठेवणारं, त्याची टाचणं पुढच्या तुकडीसाठी नीट करणारं कोणीतरी त्या आवारात कायम हवं. मुलकी शिक्षकांची आणि निवृत्त चीफ मंडळींची पदं इथे कामी येतात. काटकसरीत हीच पदं रिकामी ठेवली जातात. इमारतीच्या उद्घाटनाची बातमी होते. रिकाम्या पदाची बातमी होत नाही.

मार्च २०२२ मध्ये भारत सरकारने जाहीर केलेल्या आर्क्टिक धोरणाचे सहा आधारस्तंभ आहेत आणि त्यातला एक राष्ट्रीय क्षमतावृद्धीचा आहे. त्या स्तंभाखाली नवी टोलेजंग संस्था मागण्याआधी तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. सेवेरोद्विन्स्कच्या थंडीत काम केलेल्या नौदलाच्या माणसांची यादी करून त्यांचे अनुभव नोंदवावेत. लोणावळ्याच्या एनबीसीडी शाळेत थंड समुद्रातली आग आणि हानी यावर छोटा अभ्यासक्रम सुरू करून त्यात इंदुरीसारख्या व्यापारी नौकानयनाच्या संस्थांतल्या शिक्षकांना जागा द्यावी. आणि वास्कोच्या शास्त्रज्ञांनी वर्षातून काही आठवडे या शाळेत शिकवावं, कारण बर्फ कधी आणि कसा हलतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. नौदल, जहाजवाहतूक मंत्रालय आणि पृथ्वी विज्ञान मंत्रालय ही तीन वेगळी खाती आहेत, आणि खरी अडचण तिथे आहे. मावळच्या लोकप्रतिनिधींनी हा विषय संसदेत मांडावा. तालुक्यात समुद्र नसला तरी समुद्राच्या शाळा आहेत.

पुढच्या आठवड्यात : वास्कोचं ध्रुवीय केंद्र आणि तिथली हिवाळी तुकडी निवडण्याची पद्धत.