राबातलं रोप आणि बाळाचा मेंदू

शेतकरी मंडळी, भाताचं गणित तुम्हाला सांगायला नको. राबातच रोप पिवळं पडलं, तर लावणीनंतर कितीही युरिया टाका, पहिली कसर पुरती भरून निघत नाही. बाळाच्या मेंदूचंही बरंचसं तसंच आहे.

जन्मलेल्या बाळाचा मेंदू साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा, मोठ्या माणसाचा तेराशे-चौदाशे. दोन वर्षं पुरी होईतो तो मोठ्याच्या ८० टक्क्यांच्या आसपास पोचलेला असतो. म्हणून पोटातले २७० आणि नंतरचे ७३० असे हजार दिवस डॉक्टर मोजतात. त्यात लोह, आयोडीन, प्रथिनं कमी पडली तर नुकसान पुढे दिसतं. आहाराइतकंच बोलणं, खेळवणंही लागतं. वापरातल्या जोडण्या पक्क्या होतात, बिनवापराच्या मेंदू स्वतःच छाटतो.

हे आपल्या जिल्ह्यात फार आधी ओळखलं गेलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, १९५७ साली ते कोसबाडला नेलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरांमागच्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली.

आता अडचण वेगळी आहे. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याची कुटुंबं वीटभट्टीवर, बांधकामावर निघतात. बाळाचं नाव गावच्या अंगणवाडीत आणि बाळ भट्टीवर! वजन करायचं कोणी? सरपंच, ग्रामसेवक, तुम्हालाच विचारतोय. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकाला स्थानिक अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिलाय. ‘आमच्या गावचं नाही’ म्हणून त्याला परत पाठवता येत नाही.

वाढ तिथं थांबते असं नव्हे. मागचापुढचा विचार करणारा पुढचा भाग पिकायला पंचविशी उजाडते, तेव्हा सतराव्या वर्षी मोटारसायकल उडवणाऱ्या पोराला नुसतं ‘डोकं नाही’ म्हणू नका, किल्ली काढून घ्या. साठीनंतर नावं पटकन आठवत नाहीत, पण अनुभवाची समज बराच काळ टिकते. सातपाटीच्या म्हाताऱ्या नाखव्याला वारा विचारून बघा.

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत गोंगाटाच्या यंत्रावर असणाऱ्यांनी मात्र कान जपावेत. कमी ऐकू येणं आणि वाढलेला रक्तदाब, दोन्हींमुळे म्हातारपणी स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून मिळतो. बाजाराच्या दिवशी जाता जाता तेवढं करून या.