नेट नको, राउटर नको: दोन कम्प्युटर, एक केबल

जुलै 2018 आठवतोय? वसई-विरार पाण्यात, लोकल बंद, वीज गायब. आमचं घर तळमजल्याचं. म्हणून पावसाळ्याआधी मी जुन्या पीसीतले फोटो लॅपटॉपवर घेऊन ठेवतो, एका साध्या लॅन केबलने.

केबलचं एक टोक पीसीला, दुसरं लॅपटॉपला. पूर्वी यासाठी क्रॉसओव्हर केबल लागायची, म्हणजे एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या तारेला जोडलेली. आता गिगाबिट पोर्ट ही अदलाबदल स्वतःच करतं.

राउटर नाही, म्हणजे पत्ते वाटणारं कुणी नाही. ते आपणच द्यायचे. पीसीला 192.168.10.1, लॅपटॉपला 192.168.10.2, सबनेट मास्क दोन्हीकडे 255.255.255.0. गेटवे रिकामा सोडा.

मग पीसीवर फाइल शेअरिंग चालू करून फोटोंचा फोल्डर शेअर करा. लॅपटॉपच्या फाइल एक्सप्लोररमध्ये \\192.168.10.1 टाका आणि पीसीचं यूजरनेम-पासवर्ड द्या. झालं!

दोन्हीकडे गिगाबिट असेल तर 100 जीबीला साधारण 20 मिनिटं. जुनं 100 एमबीपीएसचं कार्ड असेल तर अडीच तास धरा. शेवटी चार-पाच फोटो उघडून बघाच.

हे सगळं वीज असताना करायचं बरं का. पाणी दारात आल्यावर केबल शोधत बसू नका!